‘म’ लागत नाही म्हणून रडणारा मुलगा आणि टायमर लावून बसलेली आई

प्रश्न : सर, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. जूनपासून बासरीच्या क्लासला जातो, आठवड्यातून दोनदा. सुरुवातीला इतका उत्साह की शाळेतून आला की दप्तर फेकून आधी बासरी. गणपतीनंतर मात्र सगळं बिनसलं. आता रोज संध्याकाळी सातला मी अर्ध्या तासाचा टायमर लावून त्याच्यासमोर बसते आणि रोज रडारड. सारखं तेच तेच वाजवायचं, बोर होतं म्हणतो. ‘म’ तर लागतच नाही. मध्येच सहा वर्षांची धाकटी येऊन त्याच्या कानात ओरडते. खालच्या काकू म्हणतात दुपारी वाजवू नका. आता नवीनच, मला तबला लावा. घरी करण्यासारखे मजेशीर सरावाचे प्रकार सुचवाल का? की सोडूनच द्यावं? आणि परीक्षेला बसवू का? (बासरी चांगली आहे, मामाने वाढदिवसाला मोठी, कलाकार वाजवतात तशी घेऊन दिलीय. क्लासमध्ये सरांची छोटी वाजवतो.)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला कंसात सापडलं.

मामाची हौस दांडगी आहे, मान्य. पण कलाकार वाजवतात ती मोठी म्हणजे बहुतेक पांढरी तीनची (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) बेस, म्हणजे खालच्या सुरांची असणार, अडीच फुटांच्या आसपास, तिची भोकं मोठी आणि एकमेकांपासून लांब, ती मोठ्या माणसाच्या पंजासाठी असते. नऊ वर्षांच्या पोराची बोटं तिथपर्यंत ताणून पोचली तरी भोक पूर्ण झाकत नाहीत, विशेषतः करंगळीशेजारचं बोट, ते बिचारं नेहमी अर्धवट पडतं आणि तिथून हवा निसटते. हवा निसटली की सूर फुसफुसतो, मग पोरगं जोरात फुंकतं, जोरात फुंकलं की सूर चिरकतो, मग चक्कर आल्यासारखं होतं आणि समोर आई टायमर घेऊन बसलेली. मी असतो तर मी पण रडलो असतो.

आज एक करा. त्याला घरच्या बासरीवर ‘सा’ वाजवायला सांगा, म्हणजे वरची तीन भोकं बंद, आणि वाजवून झालं की लगेच तिन्ही बोटं उलटी करून बघा. भोकाचा पूर्ण गोल ठसा उमटला असेल तर बोट नीट बसलंय, अर्धचंद्र दिसला तर तिथे गळती आहे. आमच्या क्लासमध्ये आम्ही याला ठसेतपास म्हणतो, पोरं पोलिसासारखी एकमेकांची बोटं तपासतात आणि जाम खुश होतात. अर्धचंद्रच दिसणार असं मला वाटतंय. तसं असेल तर सरांना विचारून पांढरी एकची मिडियम घ्या, साधारण दीड फुटाची, सुरात असलेली, फार महाग नसते. फक्त गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाघाटावर, काठीला खोचून विकतात त्यातली नको, ती दिसायला छान आणि जत्रेपुरती ठीक, पण तिचे सूर बहुतेक वेळा आपल्या आपल्या मर्जीने चाललेले असतात.

आता ‘बोर होतं’ याबद्दल. लहान मुलं हा शब्द फार ढोबळपणे वापरतात बघा. भूक लागली तरी बोर, झोप आली तरी बोर, आणि एखादी गोष्ट जमत नाहीये पण नेमकं काय जमत नाहीये ते सांगता येत नाही, तेव्हा तर हमखास बोर. माझा अनुभव असा आहे की बासरीला बोर झालेली दहातली आठ पोरं कंटाळलेली नसतात, अडकलेली असतात. आणि हे मला शहाणपणाने नाही कळलं, चूक करून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला मी तीन आठवडे एकच अलंकार, म्हणजे सुरांचा ठरावीक क्रम, घोकायला लावला, सारेग रेगम गमप, तिचा ‘म’ लागेपर्यंत पुढे जायचं नाही असा हुकूम, ती चौथ्या आठवड्यात आलीच नाही. अलंकार वाईट नव्हता. तिला ‘म’ला काय करायचं हे बोटाला कळत नव्हतं आणि मी फक्त परत कर, परत कर म्हणत होतो.

म्हणून खेळ सुचवतो, पण खेळ म्हणजे कडू गोळीवरची साखर असं नाही. तो जिथे अडकलाय बरोबर तिथलाच खेळ करायचा.

तर ‘म’पासूनच सुरू करू. बासरीवर शुद्ध ‘म’ हा खरंच त्रासदायक सूर आहे, तो एकटा रडत नाहीये, सगळे रडतात. तोंडाजवळचं पहिलं भोक बंद केलं की ‘ग’, पूर्ण उघडं सोडलं की थेट तीव्र ‘म’, आणि शुद्ध ‘म’ या दोघांच्या मधे कुठेतरी अर्ध्या भोकावर लपून बसलेला. पोरं काय करतात, बोट टपकन उचलतात, उचललं की सूर वर उडून जातो. बोट उचलायचं नाही, कूस बदलल्यासारखं हळूच कलतं करायचं. यासाठी स्टॅच्यूचा खेळ. मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, पट्टी त्याच्या बासरीची, त्यात पहिली तार ‘प’ऐवजी ‘म’ला लावायची सोय असते ती लावा. आता त्याने ‘ग’ वाजवायचा आणि श्वास न तोडता बोट हळूहळू कलतं करत जायचं, सूर कोकिळेसारखा वर सरकत जाईल, आणि ज्या क्षणी तो तानपुऱ्यात विरघळला असं वाटेल त्या क्षणी तुम्ही ओरडायचं स्टॅच्यू! तिथे बोट गोठलं पाहिजे. मग डोळे उघडून बघायचं किती भोक उघडं आहे. मग उलट, तो ओरडणार आणि तुम्ही नुसतं ऐकून सांगणार लागला का. तुम्ही चुकणार, आणि तुम्ही चुकलात की त्याला जो आनंद होईल ना, त्यावर पुढची दहा मिनिटं निघतात.

आणि तोपर्यंत ‘म’शिवायचं संगीत नाहीये का? आहे की. भूप राग आहे. सा रे ग प ध, ना ‘म’ ना ‘नी’, अर्ध्या भोकाची भानगडच नाही, म्हणून तर बासरीच्या मुलांना भूप लवकर देतात. आता गंमत बघा, सा रे ग प ध आणि वरचा सा, किती झाले? सहा. आणि लुडोच्या फाशाला बाजू किती? सहा! एक म्हणजे सा, दोन रे, तीन ग, चार प, पाच ध आणि सहा पडला की तार सा. चारदा फासा टाकायचा, समजा पडलं तीन, एक, पाच, चार, म्हणजे ग सा ध प, हा झाला आजचा तुकडा. आधी गाऊन बघायचा, मग वाजवायचा, मग उलटा वाजवायचा, आवडला तर वहीत लिहून त्याला नाव द्यायचं. माझ्याकडच्या एकाने एका तुकड्याला ‘रिक्षावाला सुट्टे देत नाही’ असं नाव दिलंय, आणि खरंच तो तुकडा तसाच वाजतो, खाली यायलाच तयार नाही. ह्यात काय होतं, सरगम ही सरांनी दिलेली शिक्षा न राहता आपली वस्तू होते, आणि बोटांना असल्या वाकड्यातिकड्या उड्या मारायला लागतात ज्या सरळ आरोह-अवरोहात कधीच येत नाहीत. सहा सहा आठवडे फक्त फाशावर काढले तरी चालेल, मी सांगतो.

भूप जरा हातात बसला की चोर-पोलीस. तुम्ही नुसती सरगम म्हणायची, गाता येत नसलं तरी चालतं, सा रे ग प, ग रे सा, आणि मधेच कुठेतरी ‘म’ घुसवायचा. ‘म’ हा भुपातला चोर. चोर ऐकू आला की त्याने टाळी वाजवून पकडायचा. हे स्कूटरवर पण होतं, मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलात की तेवढ्यात दोन डाव होतात.

धाकटी कानात ओरडते म्हणालात. तिला हाकलू नका, तिला नोकरी द्या. ती लिफ्टमन. बासरीत तीच बोटं ठेवून खालचा आणि वरचा असे दोन्ही सूर निघतात, तीन भोकं बंद ठेवून सावकाश फुंकलं की मध्य सा, ओठ जरा आवळून हवेची धार बारीक केली की तोच सा तार सप्तकात. मुलांना वाटतं वर जायचं म्हणजे जोर लावायचा. जोर नाही, धार. धाकटी म्हणणार पहिला मजला, त्याने खालचा सा द्यायचा, ती म्हणणार दुसरा मजला, वरचा सा द्यायचा, आणि मधेच चिरकलं तर लिफ्ट अडकली! ती मनसोक्त लाईट घालवणार, दार उघडणार, काय वाटेल ते करणार. अर्धा मजला म्हणाली तर काय करायचं ते मला माहीत नाही, तुमचं तुम्ही बघा.

तबला पाहिजे म्हणतो त्यातही तथ्य आहे, दुर्लक्ष करू नका. नाशिकचं पोर आहे, गणपतीत ढोल ऐकून आलंय आणि परत येऊन त्याला लांब लांब ‘सा’ धरायला सांगितलं, उत्साह गणपतीनंतरच का गेला याचं उत्तर बहुधा यात पण आहे. त्याला ठेका हवाय. मग द्या. धाकटीला (परत तीच, हो) पोह्यांचा रिकामा डबा द्या, तिने ढोल धरायचा, आणि त्याने एकाच सुरावर जिभेने ‘तु तु तु तु’ करत तो ठेका बासरीतून काढायचा. आधी जमेल तसं, मग आठ मात्रांत, केरव्यासारखं, मग सहात, दादऱ्यासारखं. जिभेचं हे काम पुढे द्रुत लयीत फार उपयोगी पडतं पण ते त्याला आत्ता सांगायची गरज नाही. एवढं करूनही तबल्याचं वेड गेलं नाही तर खुशाल तबला लावा, पण बासरी सुटायला नको अशी अट घालू नका, अटी घातल्या की दोन्ही सुटतं.

मग ऐकलेले आवाज काढायचे. कोकिळा तर आहेच, उन्हाळ्यात तुमच्याकडे पहाटे ओरडत असेल. कुकरची शिट्टी, नाशिकरोडला गाडी सुटतानाचा भोंगा, भाजीवाल्याची हाळी शेवटी कशी वर खेचतात ती, देवळातली घंटा वाजून विरत जाते ते. रोज एक आवाज पकडून आणायचा आणि रात्री वाजवून घरच्यांनी ओळखायचा. हे नुसतं टाइमपास वाटेल, पण घंटा विरत गेलेली दाखवायची तर श्वास शेवटपर्यंत सांभाळून सोडावा लागतो, आणि तेच मी पोरांना ‘लांब सूर धर’ म्हणून सांगतो तेव्हा सगळे पंखा बघत बसतात. बाहेर गोदापार्कला वगैरे वाजवायला नेणार असाल तर एक सांगून ठेवतो, वारा असला की बासरी बोलत नाही, ओठावरची हवेची धार वारा उडवून लावतो आणि पोराला वाटतं आपलंच चुकतंय. भिंतीचा आडोसा बघा. त्यापेक्षा बिल्डिंगचा जिना बेस्ट, तिथे आवाज असा घुमतो की साधा सा पण मैफलीतला वाटतो.

ऐकण्याचं पण सांगतो. जेवताना रोज एक रेकॉर्डिंग लावा, आणि फक्त बासरीच नको, गाणं पण. शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर लावा, १९२१ साली आपल्या नाशिकमध्येच जन्मले, वडील विष्णु दिगंबर पलुस्करांचा पंचवटीत आश्रम होता, हे पोराला सांगा, त्याला पंचवटी माहितीय त्यामुळे माणूस एकदम गावातला होतो. ऐकताना काम एकच, गायक ‘सा’वर घरी परत आला की बोट वर. बस. राग कुठला, ताल कुठला, विचारायचं नाही.

आणि आता तुमच्यासाठीचा खेळ, तो तुम्हाला आवडणार नाही कदाचित. तुम्ही बासरी शिका. त्याच्याकडून. आठवड्यातून एकदा टायमर त्याच्या हातात द्या आणि तुम्ही फुंका. पहिल्या दिवशी नुसती हवा जाईल, आवाजच येणार नाही, मग आधी अर्धी पाण्याने भरलेली काचेची बाटली घेऊन तिच्या तोंडावरून फुंकून बघा, ते जमतं, पाणी वाढवलं की सूर चढतो, त्या बाटल्यांचाच एक वेगळा खेळ होतो. मग परत बासरी. तो तुम्हाला सांगेल, आई ओठ असे कर, आई मान वाकडी नको, आई खांदे उचलू नकोस, आणि सांगता सांगता स्वतःचं ऐकेल. तुम्हालाही कळेल की अर्धा तास सलग फुंकणं म्हणजे काय असतं. माझ्या बॅचमधले एक बाबा आठ दिवसांत म्हणाले, सर मी उगाच ओरडत होतो.

मुलांना यावरून एक गोष्ट सांगायला मला आवडते. पंडित हरिप्रसाद चौरसिया, १९३८ चा जन्म, वडील पहिलवान, मुलानेही कुस्तीच करावी अशी त्यांची इच्छा. बासरीत चांगलं नाव झाल्यावर हा माणूस सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेला, आणि परत पहिल्यापासून शिकायची तयारी आहे हे दाखवायला म्हणून त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली, उजवीकडची डावीकडे. म्हणजे इतकी वर्षं बसलेली बोटं सगळी परत नवीन. पोरांना हे सांगितलं की ती लगेच आपली बासरी उलटी धरून बघतात आणि दोन मिनिटं नुसती हसत सुटतात, काहीच येत नाही म्हणून. आणि मग परत आपल्या बाजूला आली की त्यांना वाटतं, अरे आपल्याला तर बरंच येतंय.

टायमरचं काय? टायमर बंद. अर्धा तास सलग नऊ वर्षांच्या फुंकेला जास्त आहे. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा-बारा, आणि थांबायचं तेव्हा अजून थोडं वाजवू का असं त्याने म्हणायला हवं. सरांनी दिलेला गृहपाठ त्यातली पाच मिनिटं, तो टाळायचा नाही, सगळाच खेळ केला तर क्लासमध्ये गेल्यावर तोंडघशी पडेल. चक्कर आली, हलकं वाटलं की लगेच बासरी खाली, बसायचं, पाणी प्यायचं. आणि खाऊन आल्यावर चूळ भरल्याशिवाय बासरीला तोंड लावायचं नाही, आमच्याकडे रविवार सकाळची बॅच घरून मिसळ हाणून येते, बासऱ्यांना तर्रीचा वास येतो हो, खरं सांगतो. व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकत असाल (लिहिलं नाहीयेत पण मला शंका आहे) तर तेही थोडे दिवस थांबवा. रेकॉर्ड करा, पण फक्त त्याने ऐकायला, महिन्याभरापूर्वीचा आणि आजचा असा शेजारी शेजारी लावून.

परीक्षा यंदा नको. गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक, म्हणजे पहिली परीक्षा, काही अवघड नसते, आणि पुढेमागे द्यायला माझा विरोध नाही, तयारीच्या निमित्ताने मुलं शिस्तीत येतात. पण आत्ता रडणाऱ्या पोरावर तारीख टाकलीत तर टायमरचाच मोठा भाऊ घरात आणल्यासारखं होईल. ‘म’ हसत लागायला लागला की सरांशी बोला.

सोडून द्यावं का, याचं उत्तर छोटी बासरी आल्यावर दोन महिन्यांनी त्यालाच विचारा. आत्ता विचारलंत तर तो मोठ्या बासरीबद्दल उत्तर देईल.

काकूंचं बरोबर आहे, दुपारी दोन ते चार माणसं झोपतात. त्या वेळेला लाटणं घ्या. लाटण्यावर सहा टिकल्या चिकटवायच्या, ओठांखाली आडवं धरायचं आणि तोंडाने कुजबुजत सरगम म्हणत नुसती बोटं चालवायची. आवाज शून्य, आणि बोटं इतकी साफ होतात की विचारू नका, कारण फुंकेचं टेन्शन नसतं. पोळ्यांच्या वेळेआधी परत मागून घ्या म्हणजे झालं. आणि एखाद्या रविवारी काकूंना चहाला बोलवा आणि आवाज ओळखायच्या खेळात बसवा, भाजीवाला कोणता ते त्या तुमच्यापेक्षा आधी ओळखतील.

मोठी बासरी मामाला परत देऊ नका, वाईट वाटेल त्याला. आतून-बाहेरून मोहरीचं किंवा बदामाचं तेल हलक्या हाताने लावा, कापडात गुंडाळून कपाटात आडवी ठेवा, गॅलरीत किंवा गाडीत अजिबात नको, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात बांबूला चीर जायला वेळ लागत नाही. चार-पाच वर्षांनी बोटं पोचतील तेव्हा परत ठसे तपासा.